चिमणीला शून्य मार्क

माझ्या नाकावर राग असतो हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको. मी ब्लाऊज शिवते. बायकांची मापं घ्यायची आणि वर त्यांचं ऐकूनही घ्यायचं, असा हा धंदा. दुसरी कुणी असती तर कधीच कात्री फेकून मोकळी झाली असती. पण त्या शुक्रवारी हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर मला जो राग आला, तो धंद्यातला नव्हता. माझ्या आत्याला शंभरपैकी एकोणतीस मार्क मिळाले होते, आणि ते कागदावर लिहून, खाली दोन रेघा मारून, माझ्या हातात दिले होते.

"एकोणतीस?" मी म्हटलं. "अहो, या बाईने तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नुसतं बोलायचा पगार घेतलाय!"

कागद देणारी मुलगी पंचविशीची असेल. ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, हे तिचं काम. तिच्या हातात कायम चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा असायचा, म्हणून मी तिला मनातल्या मनात कार्डवाली म्हणायचे.

"ताई, या आजारात असं होतं," ती म्हणाली. "त्या बोलतात, पण भलतंच बोलतात. चाळीसच्या खाली मार्क असले तर पेशंटला घरी एकटं राहायला पाठवत नाहीत. पुढच्या शनिवारी मोठे डॉक्टर रिपोर्टवर सही करतील."

"आणि मग?"

"तुमच्या बाबांनी वृद्धाश्रमात चौकशी केलीय ना?"

केली होती. मला पत्ता लागू न देता केली होती.

आता आत्या कोण ते सांगते. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि त्या दोन खोल्यांत धुळीची सुद्धा आत यायची हिंमत नव्हती. आम्ही पोरं तिला कृपयाआत्या म्हणायचो. "कृपया पाय पुसून आत ये." "कृपया तोंडात घास असताना बोलू नये." फोनवर तिचा आवाज ऐकला की वाटायचं, आता ही ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली म्हणून सांगणार. मी एकदा "पाणी पायजे" म्हणाले, तर पेला हातात धरून उभी राहिली. "पाहिजे," म्हणाली. मी म्हटलं, "पायजे." ती म्हणाली, "पाहिजे." तहानेने जीव जायची वेळ आली तेव्हा मी "पाहिजे" म्हणाले. 'न'च्या जागी 'न' आणि 'ण'च्या जागी 'ण'. आवाज कधी चढवायचा नाही, हे एक्स्चेंजमध्ये इतकं अंगी मुरलेलं की तिला कुणी भांडताना ऐकलेलं नाही. ती भांडायची, पण हळू आवाजात. ते जास्त लागायचं.

आणि अशा बाईला एका सकाळी दूध तापवताना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून भिंतीपलीकडची शेजारीण धावली, नाहीतर काही खरं नव्हतं. बारा दिवसांत पाय सावरला, हातात थोडी धुगधुगी आली. सगळं समजत होतं तिला. मी नवीन ब्लाऊज घालून गेले तर डाव्या हाताने खांद्याची शिवण चाचपून तोंड वाकडं केलं, म्हणजे बुद्धी शाबूत होती. पण शब्द यायचे ते एकेक, तुटक, आणि कार्डवालीच्या म्हणण्याप्रमाणे भलतेच.

वृद्धाश्रमाचं नाव काढलं की आत्या पलंगाचा दांडा डाव्या हाताने असा धरायची की नर्सला बोटं सोडवावी लागायची. "माझ्याकडे चल," मी म्हटलं, तर माझ्याकडेच बघून हसली, आणि बरोबर होतं तिचं. माझं घर म्हणजे दुकानामागची खोली. त्यात मी, नवरा, दोन पोरी आणि सासू. आत्याला झोपवायचं तर शिलाई मशीनवर. बाबा राहतात चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईचे गुडघे आधीच संपावर गेलेले. आत्याला तिच्या घरी जायचं होतं. तिची खोली, तिचा गॅस, तिची खिडकी. बस्स, एवढंच.

तो कागद घेऊन मी दुकानात आले आणि काजं-बटणं करणाऱ्या मावशींना वाचून दाखवायला लागले. खोटं कशाला बोलू, तोवर मलाही वाटत होतं की आत्याचं डोकं गेलं. रडतच वाचत होते. "बघा ना मावशी. दिव्याचं चित्र दाखवलं, तर म्हणाली चिमणी. शून्य. कपाट दाखवलं, तर म्हणाली फडताळ. पुढे लिहिलंय, 'अर्थहीन'. आरशाला ऐना. चष्म्याला चाळशी. शर्टाला..."

"खमीस," मावशी म्हणाल्या. सुईतून मान वर न करता.

मी कागद बघितला. 'शर्ट: खमीस (चूक).'

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळायचंय काय त्यात? आमचा म्हातारा मरेपर्यंत खमीसच घालत होता." त्यांनी दाताने दोरा तोडला. "पुढे वाच."

"चपलेला..."

"पायताण. आणि चिमणी म्हणजे पत्र्याचा दिवा गं, रॉकेलचा. वर काच नसते. तिच्या उजेडात आमची सगळी पोरं जन्मली. तुझी आत्या बरोबर बोलतेय. त्या पोरीला सांग, चुकलाय तो तुझा कागद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कार्डवालीवर नाही. कार्डवाली परवा जन्मलेली, तिला चिमणी कुठून माहीत असणार? पण त्या परीक्षेला माझे बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते. बाबा आणि आत्या एकाच गावचे, एकाच घरातले. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि चार मजले चढून गेले.

बाबा पेपर वाचत होते. मी म्हटलं, "बाबा, चिमणी म्हणजे काय?"

"पक्षी."

"आणि?"

त्यांनी पेपरची घडी केली. मग त्या घडीची घडी केली.

"आणि दिवा," म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! ती मुलगी शून्य लिहीत होती आणि तुम्ही मूग गिळून बसला होतात? सख्खी बहीण आहे तुमची!"

"ओरडू नकोस. तिलाच आवडलं नसतं."

"काय आवडलं नसतं?"

मग बाबांनी जे सांगितलं ते मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. आत्या विसाव्या वर्षी गावाहून येऊन एक्स्चेंजमध्ये लागली. पहिल्याच आठवड्यात कुणा मोठ्या माणसाला फोनवर म्हणाली, "थांबा साहेब, लाईन घावत नाही." अख्खा हॉल हसला. सुपरवायझर बाई तिच्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "इथे लाईन मिळते किंवा मिळत नाही. घावते ती गावात." पुढे महिनाभर बरोबरच्या मुली तिला येता-जाता विचारायच्या, "काय गं, घावली का?" त्याच वर्षी तिने अकरा वर्षांच्या बाबांना शिकायला आपल्याजवळ आणलं. शाळेत पहिल्या दिवशी बाबा 'पायताण' म्हणाले, आणि पोरांनी त्यांचं नावच पायताण पाडलं. ते घरी येऊन रडले.

"तिने माझे डोळे पुसले," बाबा म्हणाले, "आणि म्हणाली, आजपासून या घरात गावचा एक शब्द नाही. चुकलास तर दहा उठाबशा. आणि ती चुकली तर ती स्वतः काढायची. ड्युटीवरून दमून यायची, केस सोडायची, तोंडातून 'फणी कुठंय' असं निघून जायचं. मग मोकळ्या केसांनी भिंतीला धरून दहा उठाबशा. वर्षभर. तेव्हा कुठे आम्ही माणसांत आलो. जे शब्द तिने असे गाडले, ते मी त्या पोरीसमोर उकरून दाखवू?"

माझा राग असा मध्येच कधी विझत नाही, पण त्या दिवशी विझला.

"आणि शब्दांचं सोड," बाबा म्हणाले. "उद्या ती घरात पडली. हाक मारली. आणि शेजारणीला कळलंच नाही ती काय म्हणतेय, तर? मला झोप लागायची नाही गं."

हा मुद्दा मात्र खरा होता. मी पाणी न पिताच खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेले तर नवंच संकट. आत्या बोलेचना. नर्स म्हणाली, काल परीक्षा झाल्यापासून तोंड उघडलेलं नाही. मी तिच्यासमोर कंगवा धरला. तिचे ओठ हलले, 'फ' झाला, आणि तिने डावा हात फाडकन तोंडावर मारला. डोळ्यांत पाणी. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ही शब्द विसरलेली नाही. हिला स्वतःचे शब्द ऐकू येतायत. पन्नास वर्षांत कमावलेलं सगळं एका झटक्यात गेलं आणि खाली उरलं ते गावचं, आणि ते बोलण्यापेक्षा मुकं राहिलेलं बरं, असं तिने ठरवलंय. हट्ट तरी केवढा! मीही त्याच घराण्यातली.

"आत्या," मी म्हटलं, "तुला घरी जायचंय ना? मग घरचं बोल. हात काढ तोंडावरचा."

नाही काढला.

सोमवारी मी मावशींना घेऊन गेले. मावशी आमच्या गावच्या नाहीत, नात्याच्या नाहीत. त्यांचं गाव कुठलंतरी तिसरंच. आत शिरल्या त्या सरळ पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "काय बाई, न्याहारी झाली का? आणि डोकं हे असं का? कुणी वेणीफणी करत नाही वाटतं तुमची?"

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. मावशींनी आपल्या पिशवीतून फणी काढली आणि विचारलं, "करू?"

हात तोंडावरून खाली आला. "कर," आत्या म्हणाली.

त्यानंतर मला कुणी विचारलंच नाही. मावशी केस विंचरत होत्या आणि खोलीतल्या एकेका वस्तूकडे बोट दाखवत होत्या, आणि आत्या सांगत होती. चूक-बरोबर काही नाही, नुसतं सांगायचं. खिडकीबाहेर टेकवलेल्या शिडीला निसण. कात्रीला कातर. पांघरुणावर मात्र दोघींचं वाजलं. आत्या म्हणाली, "वाकळ."

"गोधडी," मावशी म्हणाल्या.

"वाकळ!"

"अहो बाई, वाकळ म्हणजे जाड, बिछान्यावर घालायची. पांघरायची ती गोधडी."

"वा-कळ!" आत्याने पलंगावर डावी मूठ आपटली. पाण्याचा पेला उलटला. नर्स आत डोकावली आणि मी तिला म्हटलं, "असू द्या, भांडतायत. भांडायला लागली म्हणजे बरी झाली."

त्या आठवड्यात आत्याने आमची पाठ धरली. भेटायची वेळ चार ते सहा. मी पावणेचारला दारात, तर ती आधीच उठून बसलेली, केस बांधलेले, डावा हात पुढे: आण कार्डं. माझ्या पोरींनी वहीच्या पुठ्ठ्यावर चित्रं काढून दिली होती. त्यांची गाय कुत्र्यासारखी आली होती, आत्या तिला कुत्रंच म्हणाली आणि मला ते मान्य करावं लागलं. एखादा शब्द अडला की ती मान हलवायची, "पुन्यांदा." दहादा अडला तर दहादा. घाम यायचा तिला. मी म्हणायचे, आज पुरे. ती दांडा धरून म्हणायची, "पुन्यांदा." मध्ये एकदा मी गंमत म्हणून म्हटलं, "आत्या, कृपया म्हण बघू." तिने तोंड उघडलं, शोधलं, सगळीकडे शोधलं, आणि सापडलं नाही. मला वाटलं रडेल. ती हसायला लागली. पोट धरून हसली.

मग कार्डवालीशी माझं भांडण. भांडण म्हणजे मीच भांडले, ती ऐकत होती.

"माझ्या उत्तरांच्या यादीत जे छापलंय तेच धरावं लागतं," ती म्हणाली.

"यादी छापणाऱ्याच्या आजीला विचारलं होतं का कुणी?"

"ताई, चिडू नका. समजा मी धरले हे शब्द. पण त्या काहीही म्हणतील आणि तुम्ही म्हणाल हा जुना शब्द आहे. मला कसं कळणार की तो खरा आहे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करायची मला सवय, पण इथे मी थांबले. पोरगी चुकीचं बोलत नव्हती. ज्याचं माप तुम्हाला माहीत नाही तो ब्लाऊज बरोबर झाला की नाही, कसं सांगणार? मी म्हटलं, "दोन वेगवेगळ्या गावच्या बायका. एकीला खोलीत बसवा, दुसरीला बाहेर चहाच्या खिडकीपाशी. दोघींना एकच चित्र दाखवा. एकीचं दुसरीला ऐकू जाणार नाही. उत्तर सारखं आलं तर?"

तिने जरा विचार केला आणि कार्डं उचलली.

गुरुवारी ही वरात निघाली. कार्डवाली खोलीत आत्याला चित्र दाखवायची, लिहायची, मग खटाखट चालत चहाच्या खिडकीपाशी मावशींना दाखवायची, लिहायची, परत आत. चौदा कार्डं, चौदा फेऱ्या. चहावाल्याला वाटलं नवीन काही तपासणी निघालीय. त्याने विचारलं, माझीही होईल का? शेवटी कार्डवालीने कागद शेजारी शेजारी ठेवले. चौदापैकी बारा शब्द तंतोतंत एक. त्यात मायक्रोवेव्हला दोघीही 'टीव्ही' म्हणाल्या होत्या, तो सोडला तर अकरा. वाकळ आणि गोधडी जुळले नाहीत, त्यावर मावशींचा अजून आक्षेप होता.

कार्डवालीचे कान लाल झाले. "चिमणीपुढे मी लिहिलं होतं, 'एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात'," ती हळूच म्हणाली. "कारण पक्ष्याच्या कार्डालाही त्या चिमणीच म्हणाल्या होत्या."

"पक्ष्याला दुसरं काय म्हणणार?" मावशी म्हणाल्या.

ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली आणि अर्ध्या तासाने परत आली. शनिवारी सकाळी पुन्हा परीक्षा. अर्थ जुळला की मार्क. "पण ताई, दुसऱ्या भागात मी काही करू शकत नाही. तिथे चित्रं नाहीत. संकट आलं तर मदत कशी मागाल, असा प्रश्न असतो. त्यात शून्य आलं तर बाकीचे सगळे मार्क फुकट. आणि नातेवाईकांनी एक अक्षर बोलायचं नाही."

शनिवारी बाबा आले, पण वर आले नाहीत. तळमजल्यावर औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले, मांडीवर वृद्धाश्रमाच्या अर्जाची फाईल. "मला बघवणार नाही," म्हणाले. "झालं की फोन कर." मी तशीच जिना चढले. थांबले असते तर खूप बोलले असते.

आत्या खुर्चीत ताठ बसली होती. मावशींनी वेणी घट्ट घालून दिली होती, आणि त्या दुकान सांभाळायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही तिघीच. पहिला भाग आत्याने असा उरकला की कार्डवालीला कार्डं उलटायला वेळ पुरेना. चिमणी, फडताळ, ऐना, फणी. एकदाही हात तोंडाकडे गेला नाही. पन्नासच्या पुढे गेली ती. मी टेबलाखाली बोटं मोजत होते.

मग कार्डवालीने कार्डं बाजूला ठेवली. "आजी, नीट ऐका. तुम्ही घरात एकट्या आहात. तुम्ही पडलात. उठता येत नाही. तुम्ही काय कराल?"

आत्याने विचार केला. ओठ हलवून बघितले. आणि स्पष्ट म्हणाली, "कालवा करीन."

कार्डवालीचं पेन थांबलं.

कालवा म्हणजे पाण्याचा, शेताला पाणी नेतो तो, एवढंच मला ठाऊक. पडल्यावर ही बाई कालवा कशाला खणतेय? मावशींना फोन करावा तर बोलायची बंदी. मी ओढणीचं टोक दातात धरलं. एवढा सगळा आठवडा, ते "पुन्यांदा", तो घाम, सगळं एका शब्दावर येऊन अडकलं होतं, आणि तो शब्द मला येत नव्हता. माझ्याच घरातला शब्द. माझी मलाच लाज वाटली.

कार्डवाली शून्य लिहून मोकळी होऊ शकली असती. तिने पेन खाली ठेवलं. "कालवा म्हणजे? पाण्याचा का, आजी?"

आत्याने जोरात मान हलवली. "कालवा," ती म्हणाली. "कालवा... कालवा..." दुसरा शब्द शोधत होती, आणि दुसरा नव्हताच. डावा हात वर उठायला लागला. हनुवटीपर्यंत आला. मी मनात म्हटलं, नको गं, नको ठेवूस. तो हात तिथेच थांबला, खाली आला, त्याने खुर्चीचा हात गच्च धरला. आत्याने छाती भरून श्वास घेतला.

"धावा रे धावा! पडले रे मी! कोण हाय का तिथं! धावा!"

आई गं! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खिडकीची काच थरथरली. कार्डवालीच्या मांडीवरची कार्डं सगळीकडे उडाली. "धावा गं बायांनो!" आत्या थांबेचना. दोन नर्स आल्या. वॉचमन काठी घेऊन आला. समोरच्या वॉर्डातला पायाला प्लास्टर घातलेला माणूस एका पायावर उड्या मारत दारापर्यंत आला आणि म्हणाला, "कुठंय आग?" तेहतीस वर्षं जिने आवाज चढवला नव्हता, ती खुर्चीत बसून, लाल होऊन, सगळी थकबाकी एकदम वसूल करत होती. मी रडत होते का हसत होते, मला सांगता येणार नाही.

आणि या गर्दीतून वाट काढत बाबा आत घुसले. तळमजल्यावरून तीन जिने. हातात फाईल नव्हती, एका पायात चप्पल नव्हती. मला कळायला लागल्यापासून ते तिला 'ताई' म्हणत आलेत. आणि आता ओरडत होते, "आक्के! ए आक्के! कुठं पडलीस? कुठं लागलं गं तुला?"

आत्या एकदम गप्प झाली. बाबांनी तिचे गुडघे चाचपले, कोपर चाचपलं, डोकं चाचपलं. कुठेच काही नाही. मग त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते चिडले. "अगं मग काय झालं? केवढा कालवा केलास! अख्खं हॉस्पिटल गोळा झालं!"

कार्डवालीने जमिनीवरून पेन शोधून काढलं. त्या प्रश्नापुढे तिने पूर्ण मार्क लिहिले, आणि माझ्याकडे न बघता कंसात लिहिलं, 'कालवा म्हणजे आरडाओरडा. करून दाखवला.'

"परीक्षा व्हती," आत्या बाबांना म्हणाली. "पास झाले."

बाबा तिच्यासमोर जमिनीवरच बसले. धाप लागली होती. गर्दी पांगल्यावर हळूच म्हणाले, "पण आक्के, घरी तू एकटी. असाच कालवा केलास, आणि कुणाला काही कळलंच नाही, तर?"

आत्याने त्यांच्या उघड्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. आणि वीस दिवसांत पहिल्यांदा कुठेही न अडखळता म्हणाली, "तीन मजले खाली होतास. तुला कळलं की."

बाबांनी कार्डवालीकडे हात पुढे केला आणि घरी पाठवायच्या कागदावर सही करायला तिचं पेन मागितलं.